एका पात्याचा काप

मनस्वीला पहिल्यांदा काहीतरी खटकलं ते धूळ पुसताना.

खांदा कॉलनीतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला एक बंद केलेली बाल्कनी होती. कुंदनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला काचा लावून घेतल्या होत्या आणि आत एक टेबल, एक खुर्ची, एक स्टूल आणि वाकवता येणारा दिवा ठेवून आपली खोली केली होती. बंदरात क्रेन चालवून दमून आला की तो तिथे बसायचा आणि प्लास्टिकच्या बोटी जोडायचा. खोक्यातून प्लास्टिकच्या सपाट चौकटी निघायच्या. देठाला कैऱ्या लटकाव्यात तसे बोटीचे तुकडे त्या चौकटींना चिकटलेले असायचे, प्रत्येकाशेजारी बारीक नंबर. तुकडा कापायचा, घासायचा, चिकटवायचा. तासन् तास.

जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी कामावर जाताना पळस्पे फाट्याजवळ त्याची मोटारसायकल रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर आदळली. कुंदन जागीच गेला. टेबलावर तेव्हा एक टगबोट, मोठ्या जहाजांना ओढणारी छोटी बोट, अर्धी झालेली होती. मनस्वीने तिला हात लावला नाही. पॅथॉलॉजी लॅबमधल्या नोकरीला गुरुवारी सुट्टी असे, त्या दिवशी ती फक्त आजूबाजूची धूळ पुसायची. नऊ महिने पुसून पुसून चौकटीवरचे उरलेले तुकडे तिला पाठ झाले होते. हा नांगर, ही शिडी, हे कठड्याला लावायचे सहा टायर.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी तिने फडकं फिरवलं तर नांगर जागेवर नव्हता.

तिने टेबलाखाली वाकून पाहिलं, खुर्ची सरकवली. नांगर सापडला खोक्याच्या झाकणात, अगदी मधोमध, कुणीतरी ठेवल्यासारखा. पडला असेल आपल्या हातून मागच्या वेळी, असं तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या गुरुवारी झाकणात पाच तुकडे होते. एका ओळीत.

घरात माणसं दोनच. ती आणि तिची सासू, हौसा. हौसा सत्तरीच्या पुढची. तरुणपणी उरणकडच्या मिठागरात मीठ ओढून तिची बोटं मुळांसारखी वाकडी झाली होती, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, पण कुंदन गेल्यापासून ती त्याचं नाव काढू देत नव्हती. "आता कोनाला बघायचं हाय मला?" म्हणायची. साधं डब्याचं झाकणसुद्धा मनस्वीला उघडून द्यावं लागे.

"आई, बाल्कनीत कुणी गेलं होतं का?" मनस्वीने जेवताना सहज विचारल्यासारखं केलं.

"कुंदन आसंल," हौसा म्हणाली आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

दूधवाला आला असेल, अशा सुरात.

आणि तुकडे असे नीट कापायचं हत्यार घरात नव्हतंच. कुंदनचा निपर, ती बारीक चिमट्याएवढी कात्री, घरात नव्हता. का नव्हता ते एकट्या मनस्वीला ठाऊक होतं. कुंदन जाण्याच्या आधीच्या रविवारी कपडे वाळत घालायची तार तोडायला तिने तो घेतला. निपर प्लास्टिकसाठी असतो, स्टीलसाठी नाही. पात्याचं टोक उडालं. कुंदन त्या हत्याराला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. ती घाबरली, आणि कपाटात साड्यांच्या खाली तिने तो लपवला. गुपचूप दुसरा आणून ठेवू, असा विचार होता. सोमवारी कुंदनने विचारलं, "माझा निपर पाहिलास का गं?" ती म्हणाली, "मी कशाला घेऊ?" आणि बुधवारी सकाळी तो सगळे खण उपसत बसला. एक अक्षर बोलला नाही, नुसता शोधत राहिला. वीस मिनिटं उशीर झाला. मग मोटारसायकलला किक मारून गेला तो गेलाच.

तेरावं झाल्यावर मनस्वीने तो निपर रुमालात गुंडाळला आणि गाढी नदीच्या पुलावरून खाली टाकला. त्या वीस मिनिटांबद्दल ती कुणाशीही कधी बोलली नाही.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी ती आतल्या खोलीत आडवी झाली होती. डोळा लागला असेल नसेल, तेवढ्यात आवाज आला. टक्.

कुठलाही दुसरा आवाज तसा नसतो. कोरडा, बारीक, सुपारी फुटल्यासारखा. लग्नाच्या अकरा वर्षांत तो तिने हजारदा ऐकला होता. ती उठली ती अनवाणी धावत बाल्कनीपर्यंत गेली. कुणी नव्हतं. ऑक्टोबरचं पांढरं ऊन काचांतून टेबलावर पडलेलं. झाकणात शिडी. चौकटीवरचा तिचा ताजा देठ तिने बोटाने चाचपला. परतताना तिने सासूच्या खोलीत डोकावलं. हौसा भिंतीकडे तोंड करून झोपलेली, घोरत होती.

मनस्वीला भीती वाटली, हे खरं. पण त्या भीतीच्या तळाशी आणखी काहीतरी होतं आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली. तिला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिने बाल्कनीच्या दाराला कुंदनचंच जुनं कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून कामावर गेली. संध्याकाळी आली, कुलूप जसंच्या तसं. उघडून पाहिलं. झाकणात दोन टायर वाढले होते.

*

स्टेशनजवळच्या एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर दीपेशचं दुकान होतं. रंग, ब्रश, गोंद, खोकीच खोकी. कुंदन त्याच्याकडूनच सगळं घ्यायचा. मनस्वी पायऱ्या चढून आत आली तसा दीपेश उठून उभाच राहिला.

"वहिनी! या ना. बसा."

पन्नाशीचा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा माणूस. मनस्वीने पर्समधून कागदाची पुडी काढली आणि त्याच्या हिरव्या मॅटवर उघडली. तीन तुकडे.

"दादा, हे कशाने कापलेत ते सांगता येईल?"

दीपेशने दिव्याला लावलेलं भिंग जवळ ओढलं आणि पहिला तुकडा चिमट्यात धरला.

"हा कुंदनचा," तो लगेच म्हणाला. "बघा, तो आधी लांबून कापायचा. केसाएवढा देठ ठेवायचा, मग ब्लेडने तासायचा. सही ओळखावी तसा ओळखू येतो."

मनस्वीने मान हलवली. तो तुकडा जुनाच होता. दीपेशने दुसरा उचलला, मग तिसरा. भिंगाखाली बराच वेळ फिरवत राहिला.

"हे कुंदनचे नाहीत."

तिचा जीव भांड्यात पडला की टांगणीला लागला, तिलाच कळलं नाही. "कशावरून?"

दीपेशने काउंटरखालून एकेक हत्यार काढून मॅटवर मांडलं आणि टाकाऊ चौकटीचा एक दांडा घेतला. "हा इलेक्ट्रिशियनचा कटर. दोन्ही बाजूंनी दाबतो, त्यामुळे प्लास्टिक चेमटतं. बघा, पांढरं पडलं. हा साधा निपर, दोन पाती. काप चांगला येतो, पण मधे एक बारीक कणा राहतो. आणि हा," त्याने मखमली डबीतून एक हत्यार काढलं, "हा एकपाती. एकच बाजू धारेची. दुसरी बाजू नुसता आधार देते. म्हणून काप सपाट." टक्. दांडा दोन झाला.

"तुमचे हे दोन तुकडे एकपातीनेच कापलेत," दीपेश म्हणाला. "एका बाजूने धार गेलीय, दुसऱ्या बाजूला आधाराचा दाब उठलाय. पण पातं जाड आहे. फार जाड. आणि जरा गोल. असा निपर मी तरी पाहिला नाही. कुंदनकडे होता का दुसरा एखादा?"

"नव्हता."

"मग कोण कापतंय, वहिनी?"

मनस्वीने पुडी बांधली. "तेच शोधतेय," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघर ओट्यावर काढलं. कात्री, नखं कापायचं नेलकटर, सांडशी, नारळ खरवडायची विळी. चौकटीच्या रिकाम्या दांड्याचे तुकडे मोडून घेतले आणि एकेका हत्याराने कापून खिडकीपाशी उजेडात धरून पाहत बसली. कात्रीने दांडा तिरका तुटला. नेलकटरने दोन्हीकडून चावल्यासारखा झाला. विळीने तर फुटलाच. जुळणारं काही नव्हतं. हौसा दारात येऊन उभी राहिली.

"काय करतेस गं?"

"काही नाही आई. साफसफाई."

हौसा जायला वळली तेव्हा तिच्या कमरेला खोचलेल्या कापडी चंचीत काहीतरी खणकलं. पानसुपारीची चंची. कुंदन गेल्यापासून सासूने सुपारी सोडली होती, सगळ्या पाहुण्यांसमोर सोडली होती. मग चंचीत काय होतं?

रात्री सासू आंघोळीला गेली तेव्हा मनस्वीने खुंटीवरची चंची उघडली. आत पितळी अडकित्ता. हौसाच्या लग्नातला, मोराच्या नक्षीचा. वर एक धारेचं पातं, जरासं गोल. खाली नुसती सपाट पट्टी, आधाराला. तिने प्लास्टिकचा दांडा त्यात धरून दाबला.

टक्.

भिंगाची गरज नव्हती. तोच काप.

तिला रडू आलं. कशाचं, ते तिला नीट सांगता आलं नसतं. भूत नव्हतं, याचंच असावं.

*

पण एवढ्याने काही सुटत नव्हतं. कुलूप होतं ना दाराला. आणि जिला भाजीतला खडा दिसत नाही ती म्हातारी एवढेसे नंबर कशी वाचणार? त्यातून इंग्रजी आकडे. हौसा शाळेची पायरी चढलेली नव्हती.

सोमवारी मनस्वीने अर्धा दिवस रजा टाकली. तीन वाजता लॅचचं दार आवाज न करता उघडून आत आली. बाल्कनीचं दार उघडं होतं, कुलूप कडीला लटकत होतं.

हौसा कुंदनच्या खुर्चीवर बसली होती. पाठ ताठ, पदर खांद्यावरून घेतलेला. तिचं तोंड टेबलाकडे नव्हतं. शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे होतं. मान किंचित कलती. बाजूला कुणी हळू बोलत असलं की आपण कान देतो, तशी. तिची बोटं चौकटीवरून सावकाश खाली सरकत होती, एकेक तुकडा चाचपत. मधे थांबली. परत थोडी वर आली. मग तिने अडकित्ता लावला.

टक्.

"हां," हौसा स्टुलाला म्हणाली. "हाच ना?"

मनस्वी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. हौसाने मान न वळवता म्हटलं, "आलीस? ये, बस. पन त्या स्टुलावर नको बसू."

मनस्वी खालीच बसली, फरशीवर. "आई, काय करताय हे?"

"आर्धी ठेवून गेला पोर. मला त्याचं काय कळतंय? त्यो सांगतो तसं कापते. खाली म्हनतो, आजून खाली, हां, हितं. मग मी कापते."

"आणि किल्ली?"

"दाराच्या वरती फळीवर. त्यानंच ठेवली व्हती. मला कुटं ठाऊक व्हतं? परवा सांगितलंन."

दाराच्या वर किल्ली ठेवलेली मनस्वीलाही ठाऊक नव्हती. तिने टेबलावरून माहितीपत्रक ओढलं. बोट कुठल्या क्रमाने जोडायची त्याची चित्रं, आणि प्रत्येक चित्रात लागणाऱ्या तुकड्यांचे नंबर. कुंदन नवव्या चित्रावर थांबला होता. झाकणात हौसाने लावलेली ओळ तिने एका टोकापासून तपासली. दहाव्या चित्रात नांगर. मग चार टायर, मग शिडी, मग उरलेले दोन टायर. एकही मागेपुढे नाही. आत्ता कापलेला तुकडा धुराड्याचा होता, अठ्ठावन्न नंबर. पत्रकावर पुढचा नंबर अठ्ठावन्नच होता.

"त्या गुरुवारी दुपारी," मनस्वीने विचारलं, "शिडी तुम्हीच कापलीत ना? मी आले तेव्हा तुम्ही झोपला होतात."

हौसाने पहिल्यांदा तिच्याकडे तोंड केलं. डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखा पांढरेपणा.

"शिडी मी नाय कापली, मनू. मी म्हनलं, तूच कापली आसशील."

*

मनस्वी पुन्हा दीपेशच्या दुकानात गेली ती दोन दिवसांनी.

"सासूबाईंसाठी निपर हवाय," ती म्हणाली. "बोटं वाकत नाहीत त्यांची. अडकित्त्याने कापतात, त्याने देठ खोल जातो."

दीपेश हसला. "अडकित्ता! तरीच. माझ्या लक्षातच आलं नाही." मग एकदम गंभीर होऊन त्याने पाच-सहा निपर मांडले. हातात धरून बघा म्हणाला. एकाची मूठ फार बारीक होती. एकाला स्प्रिंग कडक, दाबायला जोर लागत होता. मनस्वीने आपली बोटं हौसासारखी वाकडी करून, फक्त तळव्याने दाबून प्रत्येक निपर लावून पाहिला. शेवटी एक सापडला. रबराची जाड मूठ, हलकी स्प्रिंग, सोडला की आपोआप उघडणारा. दोन पात्यांचा, पण पाती मजबूत.

"एकपाती घेऊ नका त्यांच्यासाठी," दीपेश म्हणाला. "काप देखणा येतो, पण पातं नाजूक. जाड दांड्यावर चालवलं की टोक उडतं. आणि एक ही करवत न्या. बोटीच्या खिडक्या पारदर्शक प्लास्टिकच्या असतात. त्यांना निपर लावायचाच नाही, तडा जातो. लांबून कापायचं ते करवतीने, हळू."

टोक उडतं, हे शब्द ऐकले आणि मनस्वीच्या तोंडून निघून गेलं. नऊ महिने जे आत धरलं होतं ते तिने त्या रंगांच्या बाटल्यांमधे उभं राहून सांगून टाकलं. तार, साड्यांचं कपाट, खोटं बोलणं, उपसलेले खण, वीस मिनिटं. तिचं संपल्यावर दीपेशने मोबाईल काढला, बराच वेळ बोटाने वर सरकवत राहिला आणि मग तिच्यापुढे धरला.

कुंदनचा मेसेज. वर फोटो, तोच निपर, टोक उडालेला. फोटोत खाली तिच्या जांभळ्या साडीची घडी दिसत होती. तारीख सोमवारची, रात्री साडेनऊची.

"याचं पातं बदलून मिळेल का?"

खाली दीपेशचं उत्तर: नाही मिळत, नवाच घ्यावा लागेल.

आणि त्याखाली कुंदनचं: "मग सेम टू सेम एक ठेव. गुपचूप जागेवर ठेवतो. बायकोला कळायला नको मला कळलंय ते. बिचारी दोन दिवस नीट जेवत नाहीये."

मनस्वीने ते तीनदा वाचलं.

"मला वाटलं, तुम्हाला हे दाखवून उगाच कशाला त्रास द्यायचा," दीपेश म्हणाला. "चुकलंच माझं."

"म्हणजे बुधवारी तो निपर शोधत नव्हता."

"नसेल. त्याला ठाऊकच होतं कुठे आहे ते."

"मग काय शोधत होता?"

मनस्वी निपर आणि करवत घेऊन पायऱ्या उतरली. छातीवरचा दगड उतरला, असं तिला वाटायला हवं होतं. उतरलाही होता. पण त्याच्या जागी आता एक माणूस खण उपसत उभा होता आणि तो काय शोधतोय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

*

नव्या निपराने हौसा खूश झाली. दाबला, सोडला, तो आपोआप उघडला, तशी लहान मुलीसारखी हसली. त्यानंतर गुरुवारी, आणि रविवारी लॅब अर्धा दिवस असे तेव्हा, दुपारी दोघी बाल्कनीत बसू लागल्या. हौसा खुर्चीवर, मनस्वी पाटावर, स्टूल रिकामं. हौसा कान देऊन ऐके, चाचपे, कापे. मनस्वी देठ घासून गोंद लावी. ती पत्रक आपल्या मांडीवर उघडं ठेवायची आणि हौसाचं बोट थांबलं की नंबर पाहायची. एकदाही चुकला नाही.

एकदा तिने धीर करून म्हटलं, "आई, त्याला विचारा ना. त्या सकाळी काय शोधत होतास म्हणून."

"तू इचार. हितंच तर हाय."

मनस्वीने स्टुलाकडे पाहिलं. लाकडावर रंगाचे जुने डाग, बस्स. नवऱ्याला एक साधा प्रश्न विचारायचा, पण तो विचारला आणि उत्तर आलं नाही तर काय, आणि आलं तर काय, दोन्हींची तिला सारखीच भीती वाटली. तिने विचारलं नाही.

नोव्हेंबरात हौसा न्हाणीघरात पडली. मोडलं काही नाही, पण मुका मार लागला. हाडांचे डॉक्टर रागावले, आधी डोळे करून घ्या म्हणाले. या वेळी मनस्वीने ऐकून घेतलं नाही. आधी उजवा डोळा झाला, तीन आठवड्यांनी डावा. नेऱ्याहून हौसाची बहीण रंभा येऊन राहिली, तिने औषधाचे थेंब घातले, मऊ भात खाऊ घातला. पट्टी निघाली त्या दिवशी हौसाने खिडकीतून समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे पाहिले आणि म्हणाली, "केवढा रंग हाय गं!"

दुसऱ्या दिवशी रंभा गावी गेली. दुपारी हौसा बाल्कनीत जाऊन खुर्चीवर बसली. मनस्वी पाटावर. हौसाने स्टुलाकडे मान कलवली. वाट पाहिली. निपर हातात धरून ती बराच वेळ तशीच बसून राहिली. खालून भंगारवाल्याची आरोळी आली आणि विरली.

"आई?"

"नाय बोलत."

"थोडं थांबा."

"दिसतंय की मला आता. रिकामं स्टूल हाय." हौसाचे स्वच्छ डोळे भरून आले. "तुमी मला बरी केलीत, मनू. आनि तो गेला."

मनस्वीने जे केलं ते सासूच्या भल्यासाठीच केलं होतं. तरी तिला वाटलं, आपण दुसऱ्यांदा त्याचं काहीतरी मोडलं.

आठवडाभर हौसा त्या खोलीत गेली नाही. मग एका रविवारी मनस्वीनेच तिचा हात धरून आणलं. "बोट पुरी करू या," म्हणाली. "नंबर मी वाचते, तुम्ही कापा." हौसा बसली. एकसष्ट, मनस्वी वाचे. कुठाय, हौसा विचारे. डावीकडे, वर. टक्. कामासारखं काम चाललं. कठडे झाले, दोऱ्यांची चाकं झाली, डिसेंबर संपत आला तेव्हा चौकटीवर कप्तानाच्या खोलीच्या खिडक्यांएवढंच उरलं होतं.

त्या दुपारी मनस्वीने करवत काढली. पारदर्शक प्लास्टिक उन्हात नीट दिसत नव्हतं, नुसती चमक. हौसा चौकट दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि मनस्वी पातं कुठे टेकवायचं ते पाहत होती.

"जरा खाली," मनस्वी म्हणाली. "अजून खाली. हां. इथे."

हौसाने चौकट तेवढी सरकवली. करवत देठावर बरोबर बसली. मनस्वीने दोनदा पुढे-मागे केली आणि खिडकी अलगद सुटून तिच्या तळहातावर आली. तडा नाही, डाग नाही.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की पत्रक टेबलाच्या पलीकडच्या टोकाला आहे, घडी घातलेलं. सकाळपासून तिने ते उघडलं नव्हतं. आणि खिडक्या तर चार होत्या, दिसायला सारख्या, आधी कुठली लावायची ते तिला माहीत असायचं कारणच नव्हतं.

हौसा तिच्याकडे टक लावून बघत होती. नव्या डोळ्यांनी, चष्म्यातून, ओठ किंचित उघडे.

"कोन सांगतंय तुला?" तिने हळूच विचारलं.

मनस्वीने मान वळवली नाही. तिच्या डाव्या बाजूला, स्टूल होतं तिथे, कुणीतरी खालच्या आवाजात पुढचं सांगत होतं. खिडकीचं नव्हतं ते, त्या बुधवारच्या सकाळचं होतं. ती श्वास धरून ऐकत राहिली.

"मनू? काय म्हनतो?"

"थांबा आई," मनस्वी म्हणाली. "बोलू द्या त्याला."